घरबसल्या भाषाविज्ञानाचं एम.ए. : चमच्यापासून सुरुवात

‘चमचा’ म्हणा. आता ‘चमचे’ म्हणा. परत एकदा, जरा सावकाश, जिभेचं टोक कुठं टेकतंय तिकडं लक्ष ठेवून.

‘चमचा’तल्या शेवटच्या ‘च’ला जीभ वरच्या दातांच्या मुळाशी लागते. ‘चमचे’ म्हणताना तीच जीभ मागं सरकते आणि टाळूला पसरून लागते. लिहिताना अक्षर एकच, तोंडात मात्र दोन. शाळेत हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि तरी तीन वर्षांचं मराठी पोरही यात चुकत नाही. हे वाचून तुम्ही दोन-चार वेळा पुटपुटून बघितलं असेल, तर पुढचा लेख तुमच्यासाठी आहे. ‘बरं, मग?’ असं वाटलं असेल तर फीचे पैसे वाचले समजा.

मी बँकेतली नोकरी सांभाळून, चाळिशी उलटल्यावर दूरशिक्षणातून एम.ए. केलं. भाषेचे सगळे पेपर घेतले, प्रकल्पही भाषेवरच केला. वर्ग नव्हता, फळा नव्हता, शंका विचारायला शेजारच्या बाकावर कुणी नव्हतं. टपालानं पुस्तकांचा गठ्ठा आला आणि झालं. त्या गठ्ठ्याशी काय करायचं हे मला दीड वर्षानं कळलं. ते दीड वर्ष तुमचं वाचावं एवढाच या लेखाचा हेतू. सूत्र एकच सांगते, बाकी सगळं त्याचा विस्तार आहे: पुस्तकातल्या प्रत्येक कल्पनेला आपल्या तोंडातलं मराठी उदाहरण सापडेपर्यंत पान उलटायचं नाही.

आधी ‘आनि-पानी’ला हसणं सोडा

तुम्ही भाषाविज्ञान शिकताय म्हटल्यावर नातेवाईक दोन गोष्टी करतात. ‘किती भाषा येतात?’ विचारतात, नाहीतर लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासायला आणून देतात. पत्रिका तपासून द्या, संबंध चांगले राहतात. पण मनात पक्कं ठेवा की या विषयाचा शुद्धलेखनाशी संबंध नाही. ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणणारा माणूस चुकत नसतो. त्याच्या बोलीची ध्वनिव्यवस्था वेगळी असते, आणि ती तितकीच नियमबद्ध असते. वर्गात असलं काही बोललं की शिक्षक लगेच थांबवतात. घरी थांबवणारं कुणी नसतं, त्यामुळे ‘अशुद्ध बोली’, ‘भ्रष्ट उच्चार’ असले शब्द थेट असाइनमेंटमध्ये उतरतात आणि गुण जातात. माझे गेले होते. पहिल्याच असाइनमेंटमध्ये मी ‘ग्रामीण लोक चुकीचा उच्चार करतात’ असं लिहिलं. वही परत आली तेव्हा त्या ओळीखाली लाल रेघ होती, बाजूला एक अक्षरही नव्हतं. रेघ कशासाठी ते कळायला मला सहा महिने लागले.

कुठल्या नावाची पदवी?

इथं नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगते.

पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला भाषाविज्ञान विभाग, ही आपल्याकडची या विषयाची जुनी घरं. पण तिथलं एम.ए. रोज वर्गात जाऊन करायचं आहे. ‘भाषाविज्ञान’ याच नावाचं दूरस्थ एम.ए. भारतात फार मोजक्या ठिकाणी असतं, आणि परवानगी सत्रागणिक बदलते. म्हणून बहुतेकजण आडवाटेनं शिरतात.

पहिली आडवाट मराठी किंवा इंग्रजीच्या दूरस्थ एम.ए.ची. मराठीच्या एम.ए.त भाषाविज्ञानाचे एकदोन पेपर असतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र यांच्याकडे चौकशी करताना नुसतं ‘मराठी एम.ए. आहे का’ असं विचारू नका; प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम मागवून भाषेचे पेपर किती ते मोजा. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, इंग्रजी एम.ए.त पहिल्या वर्षाला भाषेच्या अंगांवर ८ क्रेडिटचा अख्खा पेपर आहे, त्यात ध्वनी, रूप, वाक्य, समाजभाषाविज्ञान सगळं येतं.

दुसरी वाट हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाची, म्हणजे इफ्लूची. जुने लोक अजून त्याला ‘सीफेल’च म्हणतात. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी त्यांचे पदव्युत्तर दूरस्थ अभ्यासक्रम आहेत. शाळा-कॉलेजात इंग्रजी शिकवत असाल तर याची चौकशी आधी करा, कारण ध्वनिविज्ञानाचा कान तिथं चांगला तयार होतो.

तिसरी परदेशातली. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं दूरस्थ मास्टर्स देतात, पण नाव नीट वाचा. त्यातले बहुतेक अभ्यासक्रम ‘अप्लाइड लिंग्विस्टिक्स’चे, म्हणजे उपयोजित भाषाविज्ञानाचे असतात. तिथं भर परकी भाषा कशी शिकवावी यावर असतो. तुम्हाला वऱ्हाडीतली क्रियापदं उलगडायची असतील आणि तुम्ही इंग्रजी शिकवण्याच्या पदवीला लाखो रुपये ओतले, तर घरच्यांपुढं बोलायची सोय राहणार नाही. शिवाय परदेशी पदवी दूरस्थ असेल तर भारतात प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरीसाठी तिची समकक्षता मिळवताना अडचणी येतात. परदेशात राहणाऱ्या, तिथंच शिकवणाऱ्या मराठी माणसाला ही वाट बरी. इथं राहून प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यायची असेल तर भारतीय पदवीच घ्या.

चौथी वाट पदवीची नाही, पण मी सगळ्यांना आधी तिच्यावरूनच चालायला सांगते. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळांवर आयआयटींचे भाषाविज्ञानाचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, परीक्षेचं प्रमाणपत्र हवं असेल तरच पैसे. ई-पीजी पाठशाळेवर एम.ए.च्या पातळीचे भाषाविज्ञानाचे पाठ आहेत. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशावर आहेत. फी भरण्याआधी तीन महिने यातलं काहीतरी एक पूर्ण करा. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला तर तो फुकटात आला असं समजायचं.

फी भरण्याआधीचे कागद

दूरशिक्षणाची परवानगी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, दूरशिक्षण ब्युरो देतो, त्याला सगळे डीईबी म्हणतात. डीईबीच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी जुळवायच्या: विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र. विद्यापीठाला मान्यता आहे एवढ्यावर भागत नाही. तोच अभ्यासक्रम, त्याच जुलैच्या किंवा जानेवारीच्या सत्रासाठी यादीत दिसला पाहिजे. अभ्यासकेंद्राचा माणूस फोनवर ‘मॅडम, काळजी करू नका’ म्हणाला तर जास्तच काळजी करा.

२०२४ पासून डीईबी-आयडीही लागतो. आधी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट-खात्याचा क्रमांक) काढायचा, मग डीईबीच्या पोर्टलवर जायचं. आधारवरचं नाव आणि पदवीवरचं नाव वेगळं असेल, बायकांचं लग्नानंतर हे हमखास होतं, तर ते निस्तरायला महिना धरा. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी हे काम काढू नका.

कचेरीत कुणी नाक मुरडलं तर: मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानायची असं यूजीसीचं २०२० चं विनियमन सांगतं, आणि २०२२ मध्ये यूजीसीनं ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षापासून एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी करायलाही मुभा मिळाली. पीएच.डी. मात्र दूरस्थ पद्धतीनं करता येत नाही. तसं कुणी विकत असेल तर लांब राहा.

पहिला महिना: तोंड आणि कान

गठ्ठा आला की सगळे पहिलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतात. ‘भाषा म्हणजे काय’ यावर वीस पानं असतात, ती वाचून झोप येते. ते पुस्तक बाजूला ठेवा. ध्वनिविज्ञानाचं पुस्तक काढा आणि एक हातआरसा घ्या.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा तक्ता बघून घाबरायला होतं. पण आपली वर्णमालाच उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे, कंठापासून ओठांपर्यंत. क-ख-ग-घ, च-छ-ज-झ ही ओळ पाठ असलेल्या माणसाला तो तक्ता अर्धा आधीच येत असतो. उभे रकाने उच्चारस्थानांचे, आडव्या ओळी प्रयत्नांच्या, म्हणजे हवा कशी अडवली-सोडली त्याच्या. आपल्या वर्णमालेत नसलेलं तेवढं नवीन शिकायचं.

आता चमच्याकडं परत येऊ. जुन्या व्याकरणांत या दोन ‘च’ना तालव्य आणि दंततालव्य म्हणतात. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून बघा, ‘झ’चंही तेच होतं. यावरून नियम सुचतो: पुढं इ-ई किंवा ए आला की तालव्य, एरवी दंततालव्य. छान. म्हणजे ही एकाच ध्वनीची दोन रूपं झाली, परिसरानुसार बदलणारी. असाइनमेंटमध्ये एवढं लिहून मी खूश होते.

मग एकदा गावाकडं चुलतसासऱ्यांच्या गोठ्यात उभी होते. ते कुणाला तरी म्हणाले, ‘चार गुरं सोड’, आणि दुसऱ्याला, ‘तू ही गुरं चार.’ मी तिथंच थबकले. ‘चार गुरं’मधला ‘चार’ तालव्य, ‘गुरं चार’मधला दंततालव्य. पुढचा स्वर दोन्हीकडं ‘आ’. फक्त ‘च’ बदलला आणि अर्थ बदलला. म्हणजे ही एकाच ध्वनीची दोन रूपं नव्हेत. हे दोन वेगळे स्वनिम आहेत, म्हणजे अर्थात फरक पाडणारे ध्वनी. पुस्तकातली ‘लघुतम युग्मा’ची, म्हणजे एकाच ध्वनीच्या फरकानं अर्थ बदलणाऱ्या शब्दजोडीची, व्याख्या मी चारदा वाचली होती, ती डोक्यात शिरली शेणाच्या वासात.

एवढ्यावर थांबू नका. ‘चमचा’चं अनेकवचन करताना ‘च’ बदलला, मग ‘नाचतो’चं ‘नाचेल’ करताना बदलतो का? माझ्या तोंडात तरी बदलत नाही, ‘ए’ पुढं असूनही दंततालव्यच राहतो. नामाला एक न्याय आणि क्रियापदाला दुसरा का? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. असे पाच-सात प्रश्न जमले की शेवटच्या सत्राला प्रकल्पाचा विषय शोधत फिरावं लागत नाही.

कानाला मदत म्हणून ‘प्रात’ नावाची संगणकप्रणाली उतरवून घ्या. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेली, पूर्ण मोफत. दिसायला जुनाट आहे, दोन खिडक्या उघडतात आणि काय करायचं सुचत नाही. पहिल्या दिवशी फक्त चार शब्द ध्वनिमुद्रित करा: पार, फार, बार, भार. लहरीचं चित्र उघडा. ‘पार’मध्ये ओठ उघडल्याबरोबर स्वराच्या नियमित लहरी सुरू होतात. ‘फार’मध्ये मध्ये एक खरखरीत पट्टा दिसतो, तोच महाप्राण, म्हणजे हवेचा झोत. ‘बार’मध्ये ओठ उघडायच्या आधीच घशाची थरथर सुरू झालेली दिसते. ‘भार’मध्ये थरथरही आणि नंतर हवेचा झोतही. इंग्रजी पुस्तकातल्या उदाहरणांत अशा चौकडीतले सगळे दिसत नाहीत. तुमच्या ‘फार’मध्ये दोन्ही ओठ न मिटता खालचा ओठ दातांना लागून नुसतंच घर्षण दिसलं तर दचकू नका. शहरी मराठीत तसा ‘फ’ सर्रास ऐकू येतो, आणि तोही एक विषयच आहे.

ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद, फ्रिज असलेली खोली नको, कुकर लावलेला नको. मोबाइलवर केलंत तरी चालेल, पण वेव्ह स्वरूपात, ४४,१०० हर्ट्झवर. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज यासाठी चालत नाही, त्यात आवाज दाबून लहान केलेला असतो. माझ्या पहिल्या अकरा फितींमध्ये ‘श’ कुठला आणि पंखा कुठला ते अजून कळलेलं नाही. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडं तोंड करून बोला, स्टुडिओचं काम भागतं.

वाक्य: चिंच कुणी खाल्ली

वाक्यविन्यासाचा पेपर बहुतेकांना जड जातो, कारण पुस्तकातली झाडं, म्हणजे वाक्याची फोड दाखवणाऱ्या आकृत्या, इंग्रजी वाक्यांची असतात. मराठीचं एक वाक्य घ्या आणि त्याचे तुकडे पाडा.

तू चिंच खाल्लीस.
तू – चिंच – खा-ल्ल-ई-स
द्वितीय पुरुष – चिंच (स्त्रीलिंगी, एकवचन) – खाणे-पूर्ण-स्त्रीलिंगी एकवचन-द्वितीय पुरुष

ती ‘ई’ कुणाची? चिंचेची. आंबा असता तर ‘खाल्लास’ झालं असतं. आणि शेवटचा ‘स’ कुणाचा? ‘तू’चा. म्हणजे एकाच क्रियापदानं कर्माचा आणि कर्त्याचा, दोघांचा हात धरलाय. आता ‘तिनं चिंच खाल्ली’ बघा: कर्त्याला ‘नं’ लागला आणि ‘स’ गळाला. ‘मी चिंच खाल्ली’मध्ये ‘नं’ही नाही आणि ‘स’ही नाही. हिंदीत ‘मैंने’ म्हणावं लागतं, आपण ‘मीनं’ म्हणत नाही. क्रियापद कर्माशी जुळवून घेतं अशा ज्या रचनेला जगभरच्या भाषांत इर्गेटिव्ह म्हणतात तिचा मराठी नमुना हा. त्यावर संशोधकांनी भरपूर लिहिलंय आणि तुम्ही तो रोज सकाळी वापरता.

वरच्यासारखी तीन ओळींची मांडणी करायचे ठरलेले नियम आहेत, त्यांना लाइपझिग नियम म्हणतात. मोफत मिळतात, दहाएक पानांचे आहेत. पहिल्याच आठवड्यात छापून भिंतीला लावा आणि रोज एक मराठी वाक्य त्या पद्धतीनं फोडा. दुकानाची पाटी, सासूबाईंचं वाक्य, एसटीतल्या कंडक्टरचं ‘चला, आत सरका’, काहीही. शंभर वाक्यं झाली की परीक्षेची भीती जाते. मी त्र्याण्णववर थांबले, तेवढ्यातही भागलं.

तासांचा हिशेब

इग्नूच्या हिशेबानं १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ८ क्रेडिटचा पेपर म्हणजे २४० तास. ६४ क्रेडिटचं एम.ए. धरलं तर १,९२० तास होतात. दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेअठरा. नोकरी, स्वयंपाक, पाहुणे आणि गणपती धरून एवढे तास कुणालाच मिळत नाहीत. मला आठवड्याला दहाच मिळायचे. म्हणून पदवी दोनऐवजी तीन वर्षांत करायची असं आधीच ठरवा आणि घरी तसं सांगून टाका. मुक्त विद्यापीठांत जास्तीची वर्षं घ्यायची मुभा असते, ती वापरण्यात कमीपणा नाही.

रोज एक तास काढण्यापेक्षा दोन लांब बैठका बऱ्या. ध्वनीचं काम पहाटे करा, गल्लीत आवाज नसतो. वाचन दुपारी नको.

असाइनमेंट शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. इग्नूत तिला ३० टक्के वजन आहे, लेखी परीक्षेला ७०. ‘स्वनिम म्हणजे काय, सोदाहरण लिहा’ असा प्रश्न आला की शंभरातले नव्वदजण पुस्तकातलं इंग्रजी उदाहरण उतरवतात. तुम्ही ‘चार गुरं’ लिहा. तपासणाऱ्याची झोप उडते. वाटेल तितकं चांगलं लिहिलं तरी वही परत येताना शेरा नसेल अशी तयारी ठेवा. दूरशिक्षणातलं सगळ्यात कोरडं काय असेल तर ते हेच.

शब्दांची वही

मराठीतून वाचताना आणखी एक काटा रुततो. फोनीमला एका पुस्तकात स्वनिम म्हणतात, दुसऱ्यात ध्वनिम. मॉर्फीमचं, म्हणजे शब्दाच्या सगळ्यात लहान अर्थपूर्ण तुकड्याचं, रूपिम, रूपिका, पदिम असं काहीही होतं. विषयालाही कुणी भाषाविज्ञान म्हणतं, कुणी भाषाशास्त्र. वहीत तीन रकाने पाडा: इंग्रजी संज्ञा, तुमच्या विद्यापीठाच्या पुस्तकातली मराठी संज्ञा, आणि तुमचं स्वतःचं उदाहरण. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती संज्ञा आली असं धरू नका. परीक्षेत एकच संज्ञा शेवटपर्यंत वापरा, आणि पहिल्यांदा येताना तिचा अर्थ सांगा.

सोबत कुणाची?

एकट्यानं भाषाविज्ञान शिकता येतं, पण एकट्याच्या कानानं नाही. आपण कसं बोलतो याबद्दल प्रत्येकाच्या मनात भ्रम असतात. दुसऱ्या गावचा एक सोबती शोधा. माझी सोबतीण यवतमाळची होती, संपर्कसत्रात भेटली. मी ‘तो काय करतोय’ म्हणायची, ती ‘काय करून राहिला’. एका फोनवर आमचा चालू वर्तमानकाळाचा अख्खा धडा झाला. तिच्या ‘राहिला’चा आणि हिंदीतल्या ‘रहा है’चा काय संबंध यावर आम्ही तीन रविवार भांडलो. पुस्तकात तेवढं नव्हतंच.

डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय. त्यातल्या गावोगावच्या ध्वनिफिती संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. सोबती मिळेपर्यंत त्या ऐका, मिळाल्यावरही ऐका. एकच गोष्ट कोकणातल्या आणि चंद्रपूरच्या माणसाच्या तोंडून ऐकली की कान टवकारतात.

कधी वाटलंच की हा विषय परक्यांचा, आपला यात काय संबंध, तर समाजभाषाविज्ञानाच्या कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात भाषासंपर्काचं प्रकरण उघडा. तिथं ‘कुपवार’ भेटतं, म्हणजे आपलं कुपवाड. सांगली जिल्ह्यातलं हे गाव. तिथं मराठी, कन्नड, उर्दू शेकडो वर्षं एकमेकींशेजारी नांदल्या. १९७१ मध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या संशोधकांनी दाखवलं की तिथल्या या भाषांची वाक्यं शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय अशी एकावर एक बसतात. शब्द वेगळे, सांगाडा एक. जगभरचे विद्यार्थी हे वाचतात. मिरजेहून बँकेत येणारा आमचा शिपाई घरी तशाच तीन भाषा बोलतो, आणि त्याला यात विशेष काही वाटत नाही.

परीक्षा

लेखी पेपर तीन तासांचा, हातानं लिहायचा. संगणकावर टंकायची सवय झालेली बोटं दुसऱ्या तासाला बंड करतात. आधीचे दोन महिने आठवड्याला एक उत्तर हातानं लिहा. वाक्याचं झाड पट्टी न वापरता, सरळ, एका दमात काढता आलं पाहिजे. ध्वनिलिपीची चिन्हं लिहायचा सराव करा, वाचता येणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवा, तेच प्रश्न कपडे बदलून येतात.

नेट द्यायची असेल तर एम.ए.ला ५५ टक्के हवेत, राखीव गटांना ५०. पहिला पेपर ५० प्रश्नांचा सर्वांना सारखा, दुसरा १०० प्रश्नांचा विषयाचा, सगळं मिळून ३०० गुण आणि तीन तास. भाषाविज्ञान हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. तुमची पदवी मराठीची किंवा इंग्रजीची असेल तर कुठल्या विषयात बसता येईल ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून मगच फॉर्म भरा.

प्रकल्प

विषय निवडताना मोठं नाव शोधू नका. ‘मराठी भाषेवर जागतिकीकरणाचा परिणाम’ हा विषय नव्हे, ते व्याख्यानमालेचं शीर्षक झालं. मोजता येईल असं काहीतरी घ्या.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं बऱ्याच बायका ‘मी आले’ऐवजी ‘मी आलो’ म्हणतात. बाहेरचे याची थट्टा करतात, आणि ‘कोल्हापूरच्या बायका पुरुषासारखं बोलतात’ असं म्हणून मोकळे होतात. माझा प्रश्न साधा होता: नेमकं कोण म्हणतं, कुणाशी म्हणतं, केव्हा म्हणत नाही?

समोर फोन ठेवून ‘मावशी, तुम्ही कसं बोलता ते सांगा’ म्हटलं की मावशी दूरदर्शनच्या बातम्यांसारखं बोलायला लागतात. अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्हनं याला निरीक्षकाचा पेच म्हटलंय: लोक कुणी बघत नसताना कसे बोलतात ते बघायचं असतं, आणि बघितल्याशिवाय बघता येत नाही. त्यानं न्यूयॉर्कच्या दुकानांत चौथ्या मजल्यावरच्या वस्तूचा पत्ता विचारून विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द वदवून घेतले, त्यातला ‘र’ ऐकण्यासाठी. मी तशीच युक्ती केली. नातलग आणि शेजारच्या बायकांना फोन करून विचारायचं, ‘निघालीस का गं?’, ‘जेवलीस का?’ उत्तरात ‘निघालो’ येतं की ‘निघाले’, ते लिहून घ्यायचं. सोबत वय, माहेर, शिक्षण आणि त्या वेळी शेजारी कोण होतं. फोन संपल्यावर खरं काय ते सांगायचं आणि परवानगी मागायची. दोघींनी नको म्हटलं, त्यांच्या नोंदी खोडल्या. परवानगीचा कागद मराठीत, दहा ओळींत लिहा. इंग्रजी फॉर्मवर सही मागितली तर बायकांना वाटतं घर नावावर करून घेतेय.

नोंदी घेताना कळलं की एकच बाई दोन्ही म्हणते. माझी धाकटी मावशी बहिणीला ‘आलो, आलो’ म्हणते आणि दवाखान्यात ‘डॉक्टर, मी सकाळीच आले होते’ म्हणते. म्हणून माणसं मोजू नका, वापर मोजा, आणि प्रत्येक वापरासमोर ऐकणारा कोण ते लिहा. हा रकाना मी पहिल्या महिन्यात ठेवला नव्हता, त्यामुळे तेवढ्या नोंदी फुकट गेल्या.

शेवटी मावशीला तिचीच परवानगी घेतलेली ध्वनिफीत ऐकवली. ती ऐकून घेतली तिनं, चहाचा कप खाली ठेवला आणि ठसक्यात म्हणाली, ‘काहीतरीच! मी कुठं असं बोलतो?’

तीही नोंद केली. वापर: एक. ऐकणारी: भाची. परवानगी नंतर घेतली.